दाण्याची अ‍ॅलर्जी आणि सासरच्या गौरी: चार दिवस कसे काढता?

कूटबंद_घर:
मुलगा साडेपाच वर्षांचा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि तीही नुसत्या पुरळावर भागणारी नाही. दोन वर्षांचा असताना चिक्कीचा तुकडा तोंडात गेला, ओठ सुजले, उलटी झाली, छातीतून शिट्टी वाजायला लागली. तेव्हापासून घरात दाणा नाही. खिचडीत बटाटा-खोबरं, कोशिंबिरीत नुसतं दही.

सासर सोलापूरचं. शेंगाचटणीशिवाय ताट वाढलं जात नाही. गौरीजेवणाला पंचामृतात दाणे, अळूच्या फदफद्यात दाणे, भाज्यांत कूट. सासूबाई जीव लावतात, त्याच्यासाठी वेगळी आमटी करतात. पण गेल्या वर्षी भाजीतली पळी आमटीत गेली आणि वीस मिनिटांत पोराच्या अंगावर गांधी उठल्या. वर जाऊबाई, "एवढुशानं काय होतंय?"

वेगळी शेगडी मांडली तर "आमच्या हातचं चालत नाही का" होणार. डॉक्टरांनी जोराच्या रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनची अ‍ॅम्प्यूल (काचेची कुपी), सिरिंज आणि लिहून डोस दिलाय, पण तिकडे सुईचं नाव काढलं की "आधी सेट्रिझिन देऊन बघू". तुम्ही कसं निभावता?

बिनदाण्याचा:
वय 34, माझीही हीच गत. शेगडी वेगळी नको, वेळ वेगळी मागा. पोराचं सगळ्यात आधी शिजवायचं, झाकून फडताळात वर ठेवायचं, मगच कुटाचा डबा उघडायचा.

मिक्सरचं भांडं मात्र घरून न्या. झाकणाची रबरी रिंग कधी उपसून बघितलीत? घासलेल्या भांड्यातही खाचेत पिवळट लगदा बसलेला असतो. एकदा मी नुसत्या खोबऱ्याच्या चटणीने दवाखान्यात पोचलो, ते त्या रिंगेपायी.

घाण्याच्या शेंगतेलात दाण्याची प्रथिनं उतरतात, त्यामुळे तेही नाही. पाकिटावर निदान दाणे लिहिलेले असतात, सुट्टा फरसाण बघूसुद्धा नका.

माजघर:
आमच्याकडे म्हणतात, रोज चिमूटभर चाटवलं की अंगवळणी पडतं.

रात्रपाळी_सिस्टर:
माजघर, कृपा करून नको! मोजून-मापून डोस वाढवत नेण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरी चिमूट म्हणजे जुगार.

कूटबंद, सेट्रिझिनने खाज कमी होते. घसा सुजला, दम लागला, पोर मलूल पडलं तर त्याचा उपयोग नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. आडवं झोपवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका, काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. अ‍ॅम्प्यूल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. आणि नवऱ्याला डिस्टिल्ड वॉटरची अ‍ॅम्प्यूल फोडून, सिरिंजमध्ये भरून, संत्र्यात टोचायचा सराव करायला लावा. ऐन वेळी हात थरथरतात.

कूटबंद_घर:
संत्री आणली. पहिली अ‍ॅम्प्यूल नवऱ्याने बोटात फोडली, दुसरी जमली.

सासूबाईंना फोन करून रिंग काढून बघायला सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांचाच उलट फोन, "अगं, दात कोरायच्या काडीनं काढलं, चमचाभर निघालं की! ह्यात गेल्या दिवाळीचंबी असंल." पळीला लाल दोरा बांधायचंही त्यांनीच सुचवलं. जाऊबाईंचं तिथे गेल्यावर बघू.