आत्महत्या केलेल्यासाठी मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) होते का? आणि पुढे नरकच का?

वांद्रेकर
'आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती लोक दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरतात', हे मुंबईत अजून ठणकावून सांगितलं जातं. कॅथलिकांपुरतं तरी हे शिळं झालं. १९१७ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम १२४० जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नाकारायचं. १९८३ च्या संहितेत, कलम ११८४ च्या यादीत, आत्महत्या नाहीच. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, शवविच्छेदन होऊन देह ताब्यात आला, की मिस्सा, दफन, सगळं चारचौघांसारखंच.

जुना_गिरगावकर
यादीतून नाव गेलं म्हणून पाप गेलं? दहा आज्ञांमधल्या 'खून करू नको' यात स्वतःचा जीवही येतो, हे चर्चचा थोर धर्मपंडित संत ऑगस्टिननं पाचव्या शतकात मांडलंय. खुन्यालाही पश्चात्तापाला वेळ मिळतो, याला तोही नाही. ही धास्ती काढून टाकली तर काठावरच्या माणसाला अडवणार काय?

वांद्रेकर
पाप आहेच, कोण नाही म्हणतंय? पण महापाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: गंभीर कृत्य, पुरती जाणीव, मोकळी संमती. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२८२ म्हणतो की तीव्र मानसिक विकार, यातना किंवा भय यांनी जबाबदारी कमी होते. २२८३ तर म्हणतो, अशांच्या तारणाची, म्हणजे आत्म्याच्या मुक्तीची, आशा सोडू नका; पश्चात्तापाची वाट देव त्याच्या पद्धतीनं काढू शकतो. नरक नक्की असता तर मिस्सा कशाला अर्पण केली असती?

भायखळा_मेथडिस्ट
आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, शुद्धिस्थान (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) मानत नाही, मृतासाठी प्रार्थनाही नाही. दफनाची उपासना मागे राहिलेल्यांसाठी. आणि तारण मरणाआधीच्या पापकबुलीवर लटकत असेल, तर झोपेत गेलेल्याचं काय? बायबलातलं रोमकरांस पत्र ८:३८-३९ वाचा, देवाच्या प्रीतीपासून मरणही वेगळं करत नाही. बायबलातच स्वतःचा जीव देणारा शमशोन बापाच्या कबरीत पुरला गेला, तसाच अहिथोफेलही.

जुना_गिरगावकर
पुरले गेले, तारले गेले असं कुठे लिहिलंय? प्रोटेस्टंटांनी फार मोठेपणा घेऊ नये. अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही अशांसाठी दफनविधी वापरायला मनाई होती.

भायखळा_मेथडिस्ट
मनाई होती, मान्य. पण बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात, ११:३२ मध्ये, शमशोन विश्वासवीरांच्या रांगेत आहे.

जुना_गिरगावकर
तो शत्रूंना घेऊन मेला. ऑगस्टिन त्याला देवाच्या गुप्त आज्ञेचा अपवाद मानतो. त्यावरून नियम काढू नका.

वांद्रेकर
बरं, शमशोन सोडा. धास्तीचं बघा. तिच्यामुळे काठावरचा माणूस फादरकडे पापकबुलीलाही जात नाही, आणि घरचे फादरलासुद्धा 'पाय घसरला' सांगतात. मग प्रवचन भलतीकडेच जातं. फादरना खरं सांगावं, कारण उच्चारू नका अशी विनंती करावी. आणि कुणी आज काठावर असेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीतही बोलतात.