शेअर्ड कोड : वाटलेला, सामाईक की उसना?

प्रश्न
कामावर नव्याने येणाऱ्या पोरांसाठी सर्व्हरवरच्या कोडची टिपणं मराठीत लिहितोय. बिल, पावती आणि रिपोर्ट या तिन्ही कंपोनंटना तारीख छापायचं एकच फंक्शन लागतं. मी लिहिलं, 'हा कोड तिघांत वाटून घ्या.' एकीने खरंच वाटून घेतला. तीन फाइलींत तीन प्रती! तिला बोलायला तोंड नाही, कारण शब्द माझाच. मग 'शेअर करणे'ला म्हणायचं काय?

प्रतिसाद
मराठीत वाटलं की वाटे पडणारच. वाटणी झाली की चुली वेगळ्या. तुम्हाला हवाय तो शब्द सातबाऱ्यावर आहे: सामाईक. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक बांध. वस्तू एकच, हक्क सगळ्यांचा. क्रियापदही बदला, 'कोड सामाईक ठेवा' म्हणा. 'ठेवा' म्हटलं की कुठेतरी एका जागी ठेवायचाय हे आपोआप कळतं.

प्रतिसाद
सामाईक की सामायिक?

प्रतिसाद
दोन्ही चालतात. पण जैनांचं ४८ मिनिटांचं सामायिक, म्हणजे ध्यान, वेगळं, त्यामुळे मी 'ई'वालं लिहितो. सीईटी घेणारा कक्षही 'सामाईक प्रवेश परीक्षा'च लिहितो.

प्रतिसाद
पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत हे इतकं सरळ नाही. २०१२ साली तिच्या ५.४ आवृत्तीत ट्रेट आले, म्हणजे अनेक क्लासांत (वस्तूंच्या साच्यांत) घालता येणारे कोडचे तुकडे. ट्रेट एकाच फाइलीत असतो, म्हणून मी तो सामाईक समजून चाललो होतो. त्यात एक स्टॅटिक मोजणी (प्रत्येक वस्तूची वेगळी नाही, सगळ्यांची मिळून एकच) ठेवली आणि बिल व पावती या दोन्ही क्लासांत तो ट्रेट वापरला. तीन बिलं, दोन पावत्या केल्या. मोजणी पाच यायला हवी ना? बिलाकडे तीन, पावतीकडे दोन! ट्रेट ज्या क्लासात वापराल तिथे त्याची नक्कल उतरते आणि स्टॅटिक व्हेरिएबल प्रत्येकाचं आपापलं. म्हणजे मजकूर सामाईक, मोजणी वाटलेली.
रुबी या भाषेत इन्क्लूड केलेलं मॉड्यूल (एकत्र बांधलेला कोड) क्लासच्या पूर्वजांच्या रांगेत जाऊन बसतं. मेथड, म्हणजे त्यातलं फंक्शन, एकच राहते. मॉड्यूलमध्ये बदलली की सगळ्यांची बदलली. याला सामाईक म्हणायला माझी हरकत नाही.

प्रतिसाद
मग ट्रेटला 'उसना' म्हणा.

प्रतिसाद
उसनं परत करावं लागतं. ट्रेट कोण परत करतो?

प्रतिसाद
जावावाल्याचं ऐका. कोड सामाईक असणं आणि माहिती सामाईक असणं यांना एकच शब्द लावलात तर पोरं फसतील. मी फसलोय. सर्व्हलेटचा (सर्व्हरवर विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा क्लासचा) सहसा एकच ऑब्जेक्ट असतो आणि एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे सोबत चालणारी कामं, त्यातून धावतात. मी ग्राहकाचं नाव मेथडच्या आत न ठेवता क्लासच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं. माझ्या मशीनवर एकटाच तपासत होतो, सगळं ठीक. गर्दीच्या दिवशी एकीच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव.
फंक्शन आरतीसारखं, शंभर जणांनी एकदम म्हटली तरी झिजत नाही. व्हेरिएबल मात्र विहीर. दोघांनी एकाच वेळी मोटार लावली की भांडण. तिथे पाळी ठरवावी लागते, आणि एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या 'लॉक'ला 'पाळी' हाच शब्द मला पटतो. पण ग्राहकाच्या नावाला पाळी कशाला लावायची? ते मेथडच्या आत ठेवलं की प्रत्येक थ्रेडचं वेगळं.

मूळ प्रश्नकर्ता
वाक्य बदललं: 'तारीख छापायचं फंक्शन सामाईक ठेवा. ग्राहकाचं नाव, खातं, रक्कम ज्याची त्याच्यापाशी.' तीन प्रती करणाऱ्या मुलीने वाचून दोन फाइलींतल्या प्रती काढून टाकल्या.
आता रेल्स, म्हणजे रुबीत वेबसाइट बनवायची चौकट. चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, तिथे सामाईक कोडसाठी 'कन्सर्न्स' नावाचा फोल्डर आयताच मिळतो. मशीन भाषांतराने त्याचं 'चिंता' केलंय. कुणाला काही सुचतंय का?