चॅनल सोळाची जागल: समुद्र नसलेल्या मराठवाड्यानं करावी का?

पूर्णाकाठ, परभणी
माझा भाचा मालवाहू जहाजावर डेक कॅडेट आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं एका रात्रीची गोष्ट सांगितली. अरबी समुद्र, पहाटेचे तीन, ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला व्हीएचएफ रेडिओ नेहमीसारखा चॅनल सोळावर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या १५६.८ मेगाहर्ट्झवर. खरखरीत एक आवाज आला. ‘मेडे’, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, दोनदा कळलं, बोटीचं नाव अर्धंच कळलं. किनाऱ्याकडून उत्तर नाही. लहान बोटीचा अँटेना ठेंगणा, आवाज तिथवर पोचलाच नव्हता. यांच्या जहाजानं ‘मेडे रिले’ म्हणून तोच निरोप जसाच्या तसा मुंबईच्या सागरी बचाव केंद्राला कळवला. बोटीवरची सगळी माणसं वाचली. भाचा म्हणाला, “मावशी, आम्ही जागे होतो, एवढंच.”

त्यानंतर मी अभ्यास करून हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षा दिली. वय बारा पूर्ण असलेला कुणीही ती देऊ शकतो, आणि या ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही. आता माझं म्हणणं मांडते. आपल्या आठही जिल्ह्यांत थोडेथोडे रेडिओ स्वयंसेवक उभे राहावेत. त्यांनी हॅम लायसन्स घ्यावं, समुद्रावरची बोलण्याची शिस्त शिकावी आणि पाळीपाळीनं ऐकत बसावं. हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून आपण थंडीत जागलीला जातोच की. मग माणसासाठी जागल करायला हरकत कसली?

तेरणा, लातूर
ताई, भावना कळते, पण पटत नाही. व्हीएचएफ सरळ रेषेत जातो. जहाज आणि किनारा यांच्यात तो पन्नासेक किलोमीटर चालला तरी पुष्कळ. समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटरवर, मधे सह्याद्री आडवा. लातुरात चॅनल सोळा लावून बसलात तर खरखरीशिवाय काही ऐकू यायचं नाही.

दुसरं म्हणजे काळ बदलला. आता ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं यंत्र, पाण्यात पडला की इशारा उपग्रहावरून थेट बंगळुरूच्या केंद्रात जातो. मच्छीमारांसाठी इस्रोनं केलेली यंत्रं आहेत. किनाऱ्यावर कुणालाही १५५४ लावून तटरक्षक दलाला कळवता येतं. किनाऱ्यावरच्या गावांत सागर सुरक्षा दलाचे स्वयंसेवक आहेत. ज्याचं पाणी त्यानं राखावं. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या पाळ्या लावायला माणसं पुरत नाहीत, ती समुद्राकडं कशाला वळवायची?

पूर्णाकाठ, परभणी
व्हीएचएफ इथं येणार नाही हे मान्य. पण एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ, येतो. तो वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आदळून परत खाली उतरतो, त्याला सह्याद्री आडवा येत नाही. १४.३०० मेगाहर्ट्झवर जगभरातले हॅम स्वयंसेवक वर्षानुवर्षं शिडाच्या बोटींसाठी कान लावून बसतात, आणि त्यातले कित्येक समुद्रापासून शेकडो मैल आत राहतात.

आणि २००४ विसरू नका. त्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या पुढाकारानं हॅमचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं, अंदमानातून जगाशी संपर्क करायच्या छंदापायी. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन मेले, आणि त्याच संचांवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला गेले. हे पथक पाठवणारी संस्था हैदराबादची. हैदराबादला तरी कुठं समुद्र आहे?

जुना रेडिओ ऑफिसर, जालना
मी या धंद्यात जन्म काढला, म्हणून स्पष्ट लिहितो. स्वयंसेवकांच्या कल्पनेला माझा विरोध आहे.

आमच्या रेडिओ रूममध्ये एक घड्याळ असायचं. तबकडीवर तीन-तीन मिनिटांच्या चार रंगीत पाकळ्या. तास भरून पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटांनी लाल, म्हणजे मोर्सच्या ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या जगानं गप्प बसायचं. पूर्ण तासाला आणि अर्ध्या तासाला हिरवी, म्हणजे २१८२ किलोहर्ट्झवर बोलणं बंद. त्या तीन मिनिटांत कुणी एक शब्दही पाठवायचा नाही, फक्त ऐकायचं. बुडणाऱ्याचा संच कमजोर असतो, बॅटरी संपत आलेली असते, गलक्यात त्याचा आवाज दबतो. म्हणून जगातली सगळी जहाजं तासातून दोनदा श्वास रोखायची. पाकळी सुरू झाली की माझा हात आपोआप मोर्सच्या की-वरून, म्हणजे खटक्यावरून बाजूला व्हायचा. आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी साडेनऊच्या ठोक्याला मी बोलता बोलता थांबतो. घरचे विचारतात काय झालं.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे उपग्रहांवर आणि आपोआप इशाऱ्यांवर चालणारी जागतिक सागरी संकट-यंत्रणा, पूर्णपणे लागू झाली आणि आमची जात संपली. पण हे काम पगारी, परीक्षा दिलेल्या, जबाबदार माणसाचं होतं. टायटॅनिक बुडाली त्या रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावर ऑपरेटर एकच होता आणि तो दिवसभराचं काम करून झोपला होता. म्हणून तर पुढं चोवीस तास ऐकण्याचा नियम झाला. जो आज बसेल आणि उद्या भाऊबंदात लग्न निघालं म्हणून बसणार नाही, त्याच्या भरवशावर समुद्रात जाणाऱ्यानं काय म्हणून राहावं? कुणीच ऐकत नाही हे ठाऊक असलेलं बरं. कुणीतरी ऐकत असेल अशी खोटी आशा त्याहून वाईट.

सिंदफणा, बीड
जुन्या साहेबांशी मी सहमत, पण माझं कारण वेगळं. ‘स्वयंसेवक’ म्हटलं की मला धास्ती वाटते. आमच्या गावात महापूर आला तेव्हा तराफ्यावरून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना काढणारी पोरं स्वयंसेवकच होती. नंतर त्यांना ना विमा, ना गमबूट, ना कुणी विचारपूस. एकाच्या पायात पत्रा घुसला, औषधाचा खर्च त्याच्या बापानं केला. जिथं सरकारनं पगार देऊन माणूस बसवायला पाहिजे तिथं आपण फुकट बसलो की ती जागा कायमची रद्द होते. हे काम आधी पगारी करा, मग मी स्वतः अर्ज करते.

पूर्णाकाठ, परभणी
सिंदफणाताई, विम्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. तो पहिला यायला हवा, तो माझ्या लिहिण्यातून सुटला होता.

पण जागा रद्द होण्याचंच एक उदाहरण उलट्या बाजूनं सांगते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सरकारनं खर्चापायी तटरक्षकांची एक टेहळणी चौकी बंद केली. त्या बंद चौकीच्या नजरेच्या टप्प्यात दोन मच्छीमार बुडाले. मग १९९४ मध्ये लोकांनीच ती चौकी पुन्हा उघडली आणि त्यातून स्वयंसेवी चौक्यांची साखळी उभी राहिली. ते बचावाला स्वतः धावत नाहीत. बघतात, ऐकतात, नोंदतात आणि तटरक्षकांना कळवतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला स्वयंसेवक रेडिओवर बोटींची निघण्याची वेळ आणि परतायची वेळ लिहून घेतात. वेळेत परत आली नाही तर शोध सुरू. हे बिनपगारी लोक दांडी मारत नाहीत, कारण पाळी लिहिलेली असते.

पैठण, भोईवाडा
मी इथं पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही सगळे समुद्राचं बोलताय. आमच्या दारात नाथसागर हाय, त्याचं बी बोला.

भरल्यावर धरणाचा पल्याडचा काठ दिसत नाही. आम्ही थर्माकोलच्या तराफ्यावर जातो. पहाटं चारला निघायचं, जाळी ओढून नवाच्या आत काठाला. मे महिन्यात दुपारून वावधान सुटलं की पाणी उसळतं, लाटा पार डोक्याच्या वर. मह्या चुलतभावाचा तराफा असाच उलटला. त्याच्याकडं मोबाईल होता, पिशवीत गुंडाळलेला. पण मधी रेंजच नसते. तो चार तास थर्माकोलच्या तुकड्याला धरून होता. आम्ही काठावर समजत होतो की तो पल्याड बाजाराला गेला असंल. वाचला, पण त्याला कुणी ‘निघालास का, पोचलास का’ विचारणारं असतं तर चार तास लागले नसते. लातूरच्या भाऊंनी लिहिलं, ज्याचं पाणी त्यानं राखावं. मग आम्हाला राखायला शिकवा.

तेरणा, लातूर
पैठणच्या दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा विरोध समुद्रापुरता ठेवतो. नाथसागरावर व्हीएचएफ चालेल, पाणी मोकळं आहे, काठावर उंच अँटेना उभा करता येईल. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. हॅम लायसन्सवर धंद्याचं बोलता येत नाही. माशाचा भाव, व्यापाऱ्याचा टेम्पो, हे त्यावर चालणार नाही. मासेमारीसाठी रोजच वापरायचा तर वेगळी परवानगी काढावी लागेल. आणि मरीन चॅनलवर हॅमनं बोलायचंच नाही, ते फक्त ऐकायचे.

औसेकर
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. किल्लारीचे फोन मेले होते. नंतर हॅमवाले आले, तंबूत संच लावून बसले. माझे वडील एका निरोपासाठी रांगेत उभे होते: “मामा जिवंत, मामी नाही.” ऑपरेटरनं ते शब्द मोजून, सावकाश, दोनदा म्हणून दाखवले आणि मगच पाठवले. त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. तो कुठल्या दूरच्या गावाहून आला होता. त्यानं ‘लातूरचं लातूरकरांनी बघावं’ असं म्हटलं नाही.

जुना रेडिओ ऑफिसर, जालना
औसेकर, दोनदा म्हणून दाखवले हे वाचून थांबलो. तो शिकलेला माणूस होता.

माझा मुद्दा सोडत नाही. लायसन्स घेतलं आणि गप्पा मारत बसले, असे लोक नकोत. पण पाळी लिहिलेली असेल, वही असेल, आणि वहीत ‘काही ऐकू आलं नाही’ हेसुद्धा वेळेसकट लिहायची तयारी असेल, तर मी शिकवायला येतो. पहिला महिना कुणी बटण दाबायचं नाही. फक्त ऐकायचं आणि लिहायचं. मग निरोपाचा क्रम घोटून घ्यायचा: कोण, कुठं, काय झालं, काय मदत हवी, माणसं किती. घाबरलेला माणूस ठिकाण सोडून बाकी सगळं सांगतो. ते ठिकाण त्याच्याकडून काढून घ्यायला शिकवावं लागतं. आकडे एकेक करून बोलायचे, ‘पंधरा’ नाही, ‘एक पाच’. पैठणला याची सुरुवात करा, समुद्राचं नंतर बघू.

सिंदफणा, बीड
विम्याचं काय ते आधी लिहा. शिकायला मी येईन.

पूर्णाकाठ, परभणी
विमा आणि परवानगी, दोन्हींसाठीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे, मसुदा इथंच टाकते. तो मंजूर होईपर्यंत पैठणच्या दादांकडं साधी वही चालू करू. कोण किती वाजता निघाला, किती वाजता आला. रेडिओ नसला तरी वही चालते.

पैठण, भोईवाडा
वही आणली. दोनशे पानी. काल पहिल्या दिवशी अकरा तराफ्यांची नावं लिहिली, नऊ वाजून चाळीसला अकरावा आला. पहाटं चार ते सहा मही बायको बसते, तिला अक्षर चांगलं हाय. जालन्याचे साहेब, येताना ते रंगीत घड्याळाचं चित्र काढून आणा.