'प्रतिस्पर्धी' जिवलग असू शकतो का?

मुलगी नववीत आहे. भालाफेकीतले आपला नीरज चोप्रा आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम यांच्यावर निबंध लिहिताना तिने 'जिवलग प्रतिस्पर्धी' असं लिहिलं. बाईंनी 'जिवलग'भोवती लाल गोल केला, शेजारी प्रश्नचिन्ह. इथे नाशकात आमच्या घरी तीन दिवस त्यावरच जेवणं होताहेत. बाई बरोबर की मुलगी?

गोदाकाठ : मुलगी! संस्कृत 'स्पर्ध्' म्हणजे बरोबरी करू पाहणं, चढाओढ करणं. वैर त्यात आपण घातलं, टीव्हीवाल्यांनी 'कट्टर' लावून ते पक्कं केलं. आणि 'स्पर्धक' वेगळा बरं का. भालाफेकीच्या अंतिम फेरीत 12 जण, ते सगळे स्पर्धक. ज्याचा भाला पडेपर्यंत आपली नजर हटत नाही, तो प्रतिस्पर्धी. टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज 87.58 मीटर, सुवर्ण; अर्शद 84.62, पाचवा. तिथे तो स्पर्धक. पॅरिसला 2024 मध्ये अर्शदने 92.97 टाकला, ऑलिंपिक विक्रम, नीरज 89.45 वर रौप्य. झाला प्रतिस्पर्धी! टोकियोच्या अंतिम फेरीत अर्शदने नीरजचा भाला हातात घेतला होता म्हणून नंतर लोक पेटले, तेव्हा नीरजनेच व्हिडिओ टाकून सांगितलं की भाला कुणीही वापरू शकतो.

लालमाती : पंचवटीत लहानपणी तालमीत जायचो. 'प्रतिस्पर्धी' कुणाच्या तोंडी नसे, शब्द होता 'जोड'. "याला जोड मिळंना." जत्रेत वस्ताद दोन पोरांना शेजारी उभं करायचे, खांद्याला खांदा लावून बघायचे, मग गर्दीलाच विचारायचे, "जोड बरोबर हाय का?" ज्याला पाडायचं तो जोड, आणि भाकरीला ठेच्याची असते तीही जोडच.

गोदाकाठ : वा! मग टोकियोतली उंच उडी? कतारचा बार्शिम, इटलीचा ताम्बेरी, दोघेही 2.37 वर थांबले आणि दोघांनी सुवर्ण घेतलं. 'कुस्ती बरोबरीत सोडवली' म्हणायचं का?

लालमाती : नाय जमत. फडात सोडवणारे पंच. इथे बार्शिमनेच विचारलं, दोन सुवर्णं देता येतील का?

सटाणेकर : 'ईर्षा', म्हणजे जिंकायची जिद्द, विसरलात. आपला चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ, 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या नौकानयनात होता. "दत्तू ईर्षेने वल्ही मारतो" ही मराठीत शाबासकी. हिंदीवाल्याला वाटेल, पोरगा जळतोय कुणावर तरी. हल्ली आपली मुलंही तसंच समजतात, याचा मला जास्त त्रास होतो.

मूळ प्रश्नकर्ती : लेकीला 'जोड' फार आवडला. पण 'अर्शद ही नीरजची जोड' लिहिलं तर वर्ग हसेल म्हणते. 'तो जोड' चालेल?

लालमाती : अजिबात नाही ताई. गडी केवढाही असो, जोड ती जोडच. 'तोडीस तोड' लिहा, लिंगाची भानगडच नाही.