मदत हवी आहे: हेलेनियमला कळीच धरत नाही, उन्हाळा संपत आला

अंगणवेडी | १९ मे, दुपारी १:४०
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारते, कारण डोकं फिरलंय. हेलेनियम या विलायती फुलझाडाची नऊ रोपं आहेत. पाकिटावर स्वच्छ लिहिलंय की उन्हाळ्याच्या शेवटी फुलतं. उन्हाळा संपत आला, मृग तोंडावर आलाय आणि एकाही रोपाला कळी नाही. उलट पानं कडेने करपताहेत, दुपारी माना टाकतात. पाणी दोन वेळा देते, खतही घातलंय. आता काय घालू? लेक श्रावणात कानबाईच्या सणाला येणार आहे, तिला दाखवायचंय. 'गुगल करा' म्हणू नका, केलंय.

केळीवाला_रावेर | १९ मे, दुपारी २:०५
ताई, आधी फोटो टाका. जमिनीत आहे का कुंडीत? पाणी बोअरचं का नळाचं? गाव कोणतं? खत कोणतं, किती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार? माझ्या केळीच्या बागेत मी पंधरा दिवसांनी जीवामृत सोडतो, रासायनिकला हात लावत नाही. तुम्हीही तेच करा, कळ्या धरतील.

अंगणवेडी | १९ मे, दुपारी २:२०
फोटो जात नाहीये, फाइल मोठी आहे म्हणतंय. कुंडीतच लावणार ना, अजून कुठे! चोपडा. फूल लालसर-पिवळं असतं, मध्ये चॉकलेटी गोळा, पाकळ्या खाली झुकलेल्या. मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडात लीड्सला गेले होते, तिच्या शेजारणीच्या अंगणात अख्खा वाफा पेटल्यासारखा दिसत होता. तेव्हाच ठरवलं. दिवाळीत लेक बी घेऊन आली.

जिभाऊ_७० | १९ मे, दुपारी ३:१०
माय, तठलं फूल आठे काबर? गलांडा लावा नि मोकये व्हा.

निवृत्त_गुरुजी | १९ मे, सायं. ५:३०
थोडी माहिती देतो. हेलेनियम सूर्यफुलाच्याच कुळातलं, मूळ अमेरिका खंडातलं. युरोपच्या बागांत दिसतात ती बहुतेक संकरित, नावाची वाणं. शेजारणीकडे लालसर तांबूस पाहिलं म्हणता, ते 'मोअरहाइम ब्यूटी' असू शकेल. नेदरलँड्समधल्या मोअरहाइम नर्सरीतलं, १९३० च्या सुमाराचं वाण आहे. पण अशी वाणं बियांतून तशीच्या तशी येत नाहीत, गड्डा फोडूनच वाढवावी लागतात. तेव्हा तुमच्या नऊ रोपांना फूल आलं तरी रंग काय निघेल ते रोपंच ठरवतील.
आणखी एक. परदेशातून बी आणायला परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वनस्पती संगरोध आदेश २००३ मधला आहे. पुढच्या वेळी लेकीला सांगा.

अंगणवेडी | १९ मे, सायं. ५:४१
गुरुजी, मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय! आता पोलीस बोलावताय का?

झेंडूवाला | १९ मे, रात्री ८:१५
दसऱ्यासाठी झेंडू लावायचा असेल तर जूनअखेर रोपं तयार ठेवा, दोन ओळींत दोन फूट. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव चांगला मिळाला होता, दसऱ्याच्या दिवशी दुपारी कुणी फुकट घेईना.

मधमाशी | १९ मे, रात्री ८:५०
इंग्रजीत याला शिंक येणारं गवत म्हणतात! घरात दम्याचा कुणी असेल तर लावू नका. गाजर गवताचंच भावंडं हे.

निवृत्त_गुरुजी | १९ मे, रात्री ९:१०
भावंडं म्हणजे एका कुळातलं, इतकंच. मग सूर्यफूल आणि शेवंतीही भावंडंच झाली. शिंकेचं नाव परागामुळे नाही. पूर्वी तिकडे वाळलेल्या पानांची पूड करून तपकिरीसारखी ओढायचे, मुद्दाम शिंका काढायला. याचा पराग जड, कीटकांनी वाहायचा, वाऱ्यावर उडत नाही. गाजर गवत ही वेगळी ब्याद. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता तुमच्या-आमच्या बांधावर उभं आहे.

केळीवाला_रावेर | १९ मे, रात्री ९:२२
गाजर गवत फुलायच्या आधी उपटून कंपोस्ट करा, उत्तम खत. ताई, पाण्याचं आणि खताचं सांगितलंच नाही तुम्ही.

अंगणवेडी | २० मे, सकाळी ७:००
पाणी टाकीतलं. नगरपालिकेचं येतं ते टाकीत चढवतो. खत म्हणजे युरिया, पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीला मूठभर. गेल्या आठवड्यात दोन वेळा घातला, पानं पिवळी दिसली म्हणून.

गच्चीवरचा_माळी | २० मे, सकाळी ७:३५
मूठभर युरिया? ताई, मूठ कपाशीच्या सरीत चालते, कुंडीत चिमूट! कडेने करपतंय ते त्यानेच. आणि नत्र जास्त झालं की झाड पालाच वाढवत बसतं. दोन दिवस सकाळी कुंडीच्या तळातून भळाभळा वाहून जाईल इतकं पाणी द्या, खत धुऊन निघू द्या, मग महिनाभर काहीच घालू नका.
दुसरं, कुंड्या ठेवल्यात कुठे? आणि केवढ्या?

अंगणवेडी | २० मे, सकाळी ७:५०
गच्चीवर, टाकीजवळच. पाणी द्यायला बरं पडतं. नर्सरीच्या काळ्या कुंड्या, आठ इंची. एकदा सकाळी सहाला देते आणि एकदा जेवणं आटोपल्यावर दोनला. तेव्हाच तर माना टाकतात ना, मग लगेच देते.

गच्चीवरचा_माळी | २० मे, सकाळी ७:५८
अहो!! दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात हात घालून बघा एकदा. त्यात चहा होईल. जळगाव-चोपड्याला मेमध्ये ४३-४४ म्हणजे नित्याचं, त्यात काळी कुंडी, खाली तापलेली स्लॅब. मुळं उकडताय तुम्ही.
दुपारी माना टाकणं म्हणजे दर वेळी तहान नव्हे. मातीत बोट खुपसा. ओल असेल तर पाणी देऊ नका, संध्याकाळी झाड आपोआप उभं राहील. दुसरं पाणी सूर्य बुडाल्यावर, बादलीत काढून निवलेलं.

अंगणवेडी | २० मे, सकाळी ८:०४
हे कुणी आधी नाही सांगितलं.

केळीवाला_रावेर | २० मे, सकाळी ८:१०
आम्ही कालच विचारत होतो.

धुळ्याची_लेक | २० मे, दुपारी १२:३०
मावशी, नमस्कार. मी मूळची धुळ्याची, दहा वर्षं इंग्लंडात, माझ्याकडे सहा हेलेनियम आहेत. सगळं वाचलं. खताचं-पाण्याचं गच्चीवरच्या दादांनी बरोबर सांगितलं. पण एक विचारू? पाकीट इकडचंच आहे ना? तुम्ही लीड्सला कोणत्या महिन्यात आला होतात?

अंगणवेडी | २० मे, दुपारी १२:५५
गणपती तिकडेच झाले. का?

धुळ्याची_लेक | २० मे, दुपारी १:२०
म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. इकडचा 'उन्हाळ्याचा शेवट' तोच हो मावशी! इथे जून-जुलै-ऑगस्ट उन्हाळा. पाकिटावरचा उन्हाळा आपला नाही. आपल्याकडे तेव्हा श्रावण-भाद्रपद असतो, शेतात गुडघाभर चिखल. माझ्या झाडांनाही आज एक कळी नाही, वीतभर पाला आहे नुसता. तुमची रोपं उशीर करत नाहीयेत, तुम्हीच तीन-चार महिने आधी वाट बघताय.

निवृत्त_गुरुजी | २० मे, दुपारी १:३५
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जातीच्या नावातच आहे, हेलेनियम ऑटमनाले. ऑटमनाले म्हणजे शरदातलं.

अंगणवेडी | २० मे, दुपारी १:५०
मी तर नवऱ्याला रोज ऐकवत होते की तुम्ही टाकी साफ केली नाही म्हणून कळी येत नाही.
मग आता काय करायचं? काहीच नाही?

धुळ्याची_लेक | २० मे, दुपारी २:३०
आम्ही इथे मेअखेरीस शेंडे एक तृतीयांश छाटतो. फुटवे जास्त येतात, झाड बुटकं राहतं, आधार लागत नाही. छाटून टाका.

गच्चीवरचा_माळी | २० मे, दुपारी २:४१
अजिबात छाटू नका! तिकडे मेमध्ये पंधरा-सोळा अंश असतील, इथे ४३ आहे. करपलेल्या झाडाला कात्री लावली तर नवी फूट उन्हात जळेल. पावसाची पहिली झड होऊन गेल्यावर छाटायचं तर छाटा.

धुळ्याची_लेक | २० मे, दुपारी २:५५
मी रोपं जिवंत आहेत असं धरून बोलले. पण खरंय, इथल्या मे महिन्याचा सल्ला तिथे द्यायला नको होता.

निवृत्त_गुरुजी | २० मे, सायं. ६:१०
आणखी एक अडचण सांगून ठेवतो, नंतर गुरुजींनी सांगितलं नाही म्हणू नका. या झाडाला फुलायला मोठा दिवस लागतो. इंग्लंडात जूनचा दिवस सोळा तासांच्या वर जातो. आपण २१ अंश अक्षांशावर, आपला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत-बाहेर. शिवाय हे थंडीत जमिनीखाली झोपणारं, बर्फ सोसणारं झाड. आपली थंडी म्हणजे त्याला दुपारची डुलकी. फूल येणारच नाही असं मी म्हणत नाही. पण लेकीला आत्ताच शब्द देऊ नका.

मधमाशी | २० मे, सायं. ६:३०
मग तोरणमाळला लावायचं. साडेअकराशे मीटर उंची, थंड हवा.

अंगणवेडी | २० मे, सायं. ६:३४
रोज पाणी घालायला तुम्ही जाणार का?

हौशी_टेक्सास | २१ मे, पहाटे ४:१२
उष्ण भागासाठी याच प्रजातीतलं हेलेनियम अमारम बघा. वर्षायू, बारीक धाग्यासारखी पानं, पिवळी फुलं. इथे टेक्सासच्या उन्हात रस्त्याकडेला, कोरड्या जमिनीत बेफाम फुलतं. कुणी लाडही करत नाही त्याचे.

केळीवाला_रावेर | २१ मे, सकाळी ६:२०
ते गुरांना चालतं का? माझ्या गायी मोकळ्या असतात.

हौशी_टेक्सास | २१ मे, सकाळी ६:४५
नाही. गायीने खाल्लं तर दूध कडू होतं, इथले लोक त्याला कडू गवतच म्हणतात. जास्त खाल्लं तर विषबाधाही होते. ऑटमनालेही गुरा-मेंढरांना विषारीच. चव कडू असल्यामुळे दुसरा चारा असेल तर सहसा तोंड लावत नाहीत.

केळीवाला_रावेर | २१ मे, सकाळी ६:५०
म्हणजे रस्त्याकडेला बेफाम वाढणारं, गुरांना विषारी, कडू गवत तुम्ही खानदेशात आणा म्हणताय? एक गाजर गवत पुरे नाही झालं का?

हौशी_टेक्सास | २१ मे, सकाळी ७:०२
कुंडीत लावा म्हणालो, बांधावर नव्हे.

केळीवाला_रावेर | २१ मे, सकाळी ७:०३
कुंडी कुठे म्हणालात? वर वाचा.

गच्चीवरचा_माळी | २१ मे, सकाळी ७:३०
भांडण बाजूला. ताई, आजच हे करा. कुंड्या गच्चीवरून खाली, घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळेल अशा जागी. मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला तीन बोटं. पाऊस लागला की जमिनीत लावा, पण काळ्या मातीत सपाट नको, वीतभर उंच वरंब्यावर. याला ओल आवडते, पण झडीत आपली काळी माती आठ-आठ दिवस नुसती दलदल असते, त्यात मुळाला हवा मिळत नाही.
आणि कानबाईला रंग हवाच असेल तर जिभाऊंचं ऐका, गलांडा टाका. तोही याच कुळातला, लाल-पिवळा, लांबून बघणाऱ्याला फरकही कळणार नाही. आता पेरला तर अडीच-तीन महिन्यांत फुलतो.

जिभाऊ_७० | २१ मे, सकाळी ९:००
मी काय सांगी राहिंतू?

वांगीप्रेमी | २१ मे, सकाळी ११:१५
भरिताच्या वांग्यांना शेंडा पोखरणारी अळी लागलीये, कुणी काही सांगेल का?

केळीवाला_रावेर | २१ मे, सकाळी ११:२०
वाळलेले शेंडे अळीसकट खुडून जाळा, कामगंध सापळे लावा. आणि वेगळा धागा काढा.

अंगणवेडी | ६ जून, सकाळी ८:१०
तीन गेली. सहा आहेत. खाली शेवग्याच्या विरळ सावलीत ठेवली, पाणी सूर्य बुडाल्यावर. चार दिवसांत माना वर झाल्या, नवीन पान हिरवंगार आहे. गलांडा २२ मेलाच पेरला. टाकीवर नवऱ्याने पांढरा रंग मारला, मी माफी मागितलेली नाही.

गच्चीवरचा_माळी | ६ जून, सकाळी ८:३०
नका मागू. टाकी साफ करायला हवीच होती.

अंगणवेडी | १४ सप्टेंबर, सायं. ७:२०
उशीर झाला कळवायला. जुलैच्या झडीत दोन रोपं सडली. ती वरंब्यावर नव्हती, जागा पुरली नाही म्हणून सपाटीवर लावली होती, मला बोलू नका. कानबाईला हेलेनियमला काहीच नव्हतं. गलांडा मात्र नेमका उघडला होता, पूजेला तोच वाहिला. लेक म्हणाली, आई, हेच का ते लीड्सचं? मी गप्प बसले. रोट खाऊन ती परत गेली.
आणि परवा चारांतल्या एकाला फूल आलं. एकच दांडी, तीन फुलं. पाकिटावर लालभडक आहे, माझं पिवळं निघालं, कडेला जरासा तांबूस हात फिरवल्यासारखा. बाकी तिघांना पालाच.

निवृत्त_गुरुजी | १४ सप्टेंबर, सायं. ७:५०
अभिनंदन. रंगाचं मी आधी सांगितलं होतं. फुलं सुकली की दांडी खालून कापा, बाजूने फूट येईल. हा गड्डा जगला तर दोन-तीन वर्षांनी फोडा, पिवळा का होईना, तोच रंग राहील.

धुळ्याची_लेक | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५
मावशी, माझ्याकडेही ऐन बहर आहे! दोन्हीकडे एकाच आठवड्यात. दोन माझ्याही गोगलगायींनी खाल्ली, ते सांगायचं राहिलं.

जिभाऊ_७० | १५ सप्टेंबर, सकाळी ६:४०
गलांडानं बी ठेवजा थोडं.

केळीवाला_रावेर | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५
ताई, आता तरी फोटो टाका.

अंगणवेडी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०
अजून फाइल मोठी आहे म्हणतंय.