मदत हवी आहे: भावाला स्किझोफ्रेनिया आणि आता शुगरपण, लो शुगर ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. धाकटा भाऊ ४१ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाला १६ वर्षं झाली. गेली ९ वर्षं त्यासाठी ओलान्झापिन ही गोळी चालू आहे आणि त्याच्यावर तो खरंच सावरलाय, रात्री झोपतो, आईला दळण आणून देतो, संशय तेवढा थोडा राहिलाय. पण वजन ६१ वरून ८७ झालं. या गोळीने भूक वाढते, वजन वाढतं, शुगर वाढू शकते हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही आणि तपासण्याही वेळच्या वेळी झाल्या नाहीत. मार्चमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४ आली.

एमडी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिली आणि वर म्हणाले ती डोक्याची गोळी बंद करून बघा. ते मात्र मी केलं नाही. मागे एकदा त्याने स्वतःच गोळ्या सोडल्या होत्या, दीड महिन्यात आजार उलटला, ॲडमिट करावं लागलं.

आता खरी अडचण. मागच्या मंगळवारी दुपारी तो एकदम चिडला, शर्ट घामाने ओला, हात थरथरतायत, असंबद्ध बोलायला लागला. आई म्हणाली परत सुरू झालं. मलाही तेच वाटलं, अशा वेळी द्यायची म्हणून दिलेली झोपेची गोळी मी काढलीसुद्धा होती, तेवढ्यात ओट्यावर त्याचं ताट सकाळपासून तसंच झाकलेलं दिसलं. शुगरच्या मशीनवर ५४! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी ८१, आणि हा शांतपणे विचारतोय, ताई काय झालं? ती गोळी दिली असती तर झोपलाय म्हणून आम्ही दार लोटून घेतलं असतं, हे डोक्यातून जातच नाही.

ग्लिमेपिराइड पोटात गेली आणि जेवण झालं नाही की शुगर खाली येते आणि याच्या जेवणाचं काही खरं नसतं, कधी सात चपात्या, कधी भाजीत काहीतरी मिसळलंय म्हणून ताटाला हात लावत नाही. तर घाम, थरथर, चिडचिड हे शुगरचं की आजाराचं हे तुम्ही घरी कसं ओळखता? आम्ही सध्या ठरवलंय की काहीही वेगळं दिसलं की आधी मशीन, पण बोट टोचायला गेलं की रक्त कुठे पाठवता विचारतो. मशीनचं बटण त्यालाच दाबायला दिलं तर दोन दिवस ऐकलं, मग परत नाही. कुणाला काही जमलंय का? ओलान्झापिन हळूहळू कमी करत एरिपिप्राझोल या याच आजारावरच्या दुसऱ्या गोळीवर कुणी गेलंय का, तब्येत टिकली का? आणि टपरीवरच्या सहा-सात चहांचं काय करता, भांडण न होता?

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा आधारगट आहे हे माहितीये, पण आईला एकटं सोडून साताऱ्याहून जाणं जमत नाही. सोमवारी सायकियाट्रिस्ट आणि एमडी दोघांकडे एकाच दिवशी जाणार आहे, शुगर एवढी खाली न नेणारी दुसरी गोळी चालेल का ते विचारणारच आहे, अजून काय विचारू ते त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.