‘गरिबाच्या माथी लिनक्स मारू नका’ म्हणणाऱ्या हिशेबनीसांना उत्तर

वाचनालयवाला

परवा हिशेबनीसांनी लिहिलं होतं: ‘विंडोज १० चा पाठिंबा (म्हणजे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दिसेल त्या जुन्या मशीनवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम टाका, असं सांगत फिरणारी मंडळी स्वतःचा छंद गरिबाच्या माथी मारतात. त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नाही, मराठी धड टाइप होत नाही. त्यापेक्षा चार पैसे साठवा आणि नवा संगणक घ्या.’ तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण राग आवरेना आणि ओळीही आवरेनात. म्हणून वेगळं लिहितोय.

आमच्या गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत. देणगीतून आलेले, चौथ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम. विंडोज ११ त्यांना दारातच अडवतं, कारण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आता मला सांगा, यातलं एक तरी मशीन बिघडलंय का? मी स्वतः सहाही उघडून पंख्यांतली धूळ रंगाच्या ब्रशने काढली, प्रत्येकात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली आणि लिनक्स मिंट २२ हा लिनक्सचा प्रकार टाकला. तो उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेला आहे, २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. लिहिण्या-टिपण्यासाठी लिब्रेऑफिस आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स आतच असतात.

एमपीएससीची पोरं सकाळी सातला दारात उभी असतात. जुने पेपर उघडायचे, फॉर्म भरायचे, हॉलतिकीट छापायचं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या दिवशी ‘ही कुठली सिस्टीम’ असं एकानेही विचारलं नाही. एकजण म्हणाला, ‘सर, आता लवकर चालू होतंय.’ पूर्वी बटण दाबून तो चहा पिऊन यायचा. हिशेबनीस, तुमचे चार पैसे साठवून सहा संगणक घ्यायचे, तर आमच्या वर्गणीतून किती वर्षं लागतील याचा हिशेब तुम्हीच मांडा.

हिशेबनीस

मांडतो. माझ्याकडे चाळीस-एक छोटे व्यापारी आहेत. किराणा, हार्डवेअर, दोन द्राक्षवाले. सगळ्यांचा जीव टॅलीत. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, विषय संपला. वाचनालयात पीडीएफ बघणं वेगळं आणि २० तारखेच्या आत रिटर्न भरणं वेगळं.

मी ते का लिहिलं, तेही सांगतो. माझ्या एका हार्डवेअरवाल्याच्या भाच्याने मामाचं मशीन ‘फास्ट करून देतो’ म्हणून त्यावर लिनक्स चढवलं. चढवताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला. दोन वर्षांचा डेटा गेला, आणि तारीख होती २४ मार्च. तो माणूस माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसून रडला. आम्ही सात दिवस कागदाची बिलं पसरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नोंदी केल्या. तुमच्या वाचनालयात असा दिवस उगवत नाही.

शिवाय विंडोज १० ला वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. लोकांना घाबरवून घाई का करायला लावता?

टर्मिनल_बंड्या

वाईन नावाचं, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात टॅली चालवलेले लोक आहेत. नाहीतर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक, टाका आणि आत विंडोज ठेवा. आणि बॅकअप न घेता डिस्क पुसली तर चूक भाच्याची, लिनक्सची कशी?

हिशेबनीस

बंड्या, त्या व्यापाऱ्याला बॅकअप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तुमच्यासारख्यांनी आधी ते शिकवायचं असतं, सिस्टीम नंतर. तुम्ही उलट्या क्रमाने जाता आणि निस्तरायला आम्ही बसतो. ‘चालवलेले लोक आहेत’ म्हणून मी मार्चअखेरीला कुणाचा धंदा टांगणीला लावणार नाही.

वाचनालयवाला

डेटा गेला हे वाईटच झालं. बॅकअपशिवाय कुणी डिस्कला हात लावू नये, हे मीही दहा वेळा सांगतो. टॅलीवाल्यांनी विंडोज सोडू नये, हेही कबूल. पण तुम्ही ‘टॅलीवाल्यांनी’ असं लिहिलं नव्हतं हो, ‘गरिबाच्या माथी’ असं लिहिलं होतं. गरीब माणूस टॅली वापरत नाही. त्याची मुलगी दहावीचा प्रकल्प टाइप करते. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत. तिथली मुलं काय वेगळ्या मातीची आहेत?

हिशेबनीस

केरळमध्ये सरकारने आधी शिक्षक तयार केले. आपल्याकडे ते कोण करणार? आणि जर्मनीतल्या म्युनिकचं का सांगत नाही? तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये ठरवलं, दहा वर्षं खपून १५,००० च्या आसपास मशीन लिनक्सवर आणली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला.

वाचनालयवाला

त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. ही उदाहरणं दोन्ही बाजूंनी हवी तेवढी निघतील.

कंपोझिटर_कोल्हापूर

तुमचं टॅली आणि जर्मनी चालू द्या. हिशेबनीसांच्या पोस्टमधल्या ‘मराठी धड टाइप होत नाही’ या वाक्याला मात्र कुणी हात लावला नाही. मी १९९६ पासून डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम, करतो. तीनशेच्या वर पुस्तकं या बोटांखालून गेली. टायपिंग क्लासला लोखंडी मशीनवर रेमिंग्टन ही कळांची मांडणी शिकलो, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिली. माझी सगळी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टांत आहेत. लिनक्सवर त्यातलं एक पान उघडून दाखवा. नाही उघडणार. मग माझ्यासारख्याने तीस वर्षांचं काम विहिरीत टाकायचं का?

आणि युनिकोड-युनिकोड (सगळीकडे सारखे चालणारे अक्षरांचे संकेत) करणाऱ्या लेखकांच्या फायली माझ्याकडे येतात, त्या बघा एकदा. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहायच्या तिथे ‘दर्या’. एक संपूर्ण प्रवासवर्णन असं आलं होतं, डोंगर चढून माणूस समुद्रात! ‘ॲ’ काढावा तर कुणी एक अक्षर टाइप करतो, कुणी ‘अ’वर चंद्र चढवतो. दिसायला सारखं, पण शोधायला गेलं की अर्धेच सापडतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. जुन्या फॉन्टात यातलं काहीही होत नव्हतं. जे दिसायचं तेच छापलं जायचं.

मांडवीकाठ

छापलं जायचं, आणि नंतर? माझे बाबा गोव्यात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सहा वर्षं बसून व्याकरणाच्या टिपणांचं पुस्तक लिहिलं. पणजीतल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं. छपाई राहिली, बाबा २००९ मध्ये गेले, तो डीटीपीवाला दुकान बंद करून निघून गेला. माझ्याकडे सीडी आहे. फाइल उघडते आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. हस्तलिखिताची वही पावसाळ्यात भिजली, तिची निम्मी पानं चिकटलेली आहेत. तुमच्या ‘जे दिसायचं तेच छापलं जायचं’ या फॉन्टांनी माझ्या बाबांची मराठी इंग्रजीच्या गाठोड्यात बांधून ठेवलीय. मी भाषांतरकार आहे, रोज आठ तास मराठी टाइप करते, आणि मला माझ्या बापाचं एक वाक्य वाचता येत नाही.

कंपोझिटर_कोल्हापूर

ताई, तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण आम्हाला गुन्हेगार ठरवू नका. १९९६ ला आमच्यापुढे दुसरं होतं काय? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती म्हणतात, पण विंडोजवर ती नीट उमटायला २००० साल उजाडलं. पेजमेकर तर शेवटपर्यंत त्या वाटेला गेलंच नाही. तोवर मराठीतली पुस्तकं, लग्नपत्रिका, पालिकेच्या मतदार याद्या कुणी छापल्या? आम्हीच. रात्रभर जागून.

मांडवीकाठ

१९९६ चं समजू शकते. २०१० चं सांगा. २०२० चं सांगा. आजही कित्येक संस्था टेंडरची नोटीस जुन्या फॉन्टात टाकतात आणि मोबाइलवर ती वाचता येत नाही. तुम्हाला बोटांची सवय मोडायची नाही, म्हणून पुढच्या पिढीने मराठी वाचायची नाही का?

कंपोझिटर_कोल्हापूर

बोटांची सवय म्हणजे पोट आहे आमचं! मिनिटाला चाळीसचा पंधरावर आलो तर पानामागे मिळतं काय? तुम्ही इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करत असाल, तुम्हाला कळायचं नाही.

मांडवीकाठ

मी इन्स्क्रिप्ट ही कळांची दुसरी मांडणी वापरते. ‘दऱ्या’ कसं टाइप करायचं तेही सांगते: द, मग शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. पाच कळा. लेखकाला येत नसेल तर शिकवा. दोष अक्षरांच्या संकेतांना देऊ नका.

टर्मिनल_बंड्या

‘ल’ आणि ‘श’ चं उत्तर माझ्याकडे आहे. काही खुल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की ती आपोआप बदलतात. लोक भाषा निवडतच नाहीत. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा धरतं, त्यामुळे स्टाइलमध्ये तो वेगळा नेमावा लागतो. हे एकदा केलं की पुस्तकभर त्रास नाही. आणि स्क्रायबस या पानं लावायच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट लागतात, २०२४ मध्ये आलं ते.

काका, लिनक्सवर रेमिंग्टनसुद्धा आहे. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची दोन सॉफ्टवेअरं टाकली की मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, गमभन, मिंग्लिश आणि रेमिंग्टन अशा सगळ्या मांडण्या मिळतात.

कंपोझिटर_कोल्हापूर

रेमिंग्टन आहे हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. बघतो. विश्वास बसत नाहीये.

हिशेबनीस

बघा, मी एक वाक्य लिहिलं आणि त्यावर केवढं रामायण झालं. माझं एवढंच म्हणणं होतं की सामान्य माणसाने हे आयबस, एम१७एन कुठे शोधायचं? विंडोजवर मराठी भाषा जोडली की कीबोर्ड येतो. आणि वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की पानं पुढे-मागे सरकतात, त्याचं काय? मी करारपत्र पाठवलं, समोरच्याकडे सह्यांची जागा पुढच्या पानावर गेली.

वाचनालयवाला

पानं बहुतेक वेळा फॉन्टमुळे सरकतात. फाइल वर्डच्या कॅलिब्री फॉन्टात असते, समोर तो नसतो, मग दुसरा कुठलातरी लागतो आणि ओळी लांबतात. कार्लिटो नावाचा खुला फॉन्ट टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे. आणि सह्यांचं करारपत्र पीडीएफ करूनच पाठवावं, मग कुठलीही सिस्टीम असो.

सामान्य माणसाने कुठे शोधायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे. वाचनालयात मराठी कीबोर्ड मी बसवून दिला. मी नसतो तर पोरांनी बसवला नसता. लिनक्स टाकून देणाऱ्याने मराठी कीबोर्ड, प्रिंटर आणि बॅकअप लावून दिल्याशिवाय उठू नये, यावर तुम्ही आणि मी एकमत होऊ शकतो.

हिशेबनीस

एवढं सगळं लावून देणारा माणूस गावात असेल तर टाका लिनक्स. नसेल तर नका टाकू. मी ‘गरिबाच्या माथी’ हे शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. आणि तुमच्या पोरांचे फॉर्म भरले जातायत ना, मग वाचनालयापुरतं बरोबर आहे तुमचं.

कंपोझिटर_कोल्हापूर

काल रात्री पुतण्याच्या लॅपटॉपवर बसलो. रेमिंग्टन आहे. दोन-तीन जोडाक्षरं माझ्या सवयीच्या जागी नाहीत, त्यामुळे चिडलो, पण अर्ध्या तासात बोटं बसली. एक परिच्छेद टाइप केला आणि तो मोबाइलवर पाठवला. मोबाइलवर तसाच दिसला. बायकोला वाचून दाखवायला लावला. पेजमेकरमधली जुनी पुस्तकं अजूनही तशीच अडकलेली आहेत आणि त्यावर तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर नाही, हे लक्षात ठेवा.

मांडवीकाठच्या ताई, मी परवा जरा चढ्या आवाजात बोललो. तुमच्या सीडीतल्या फाइलची पहिली ओळ कशी दिसते, ते इथे लिहा. अक्षरं एकेक करून सांगा, लहान-मोठी जशी असतील तशी.

मांडवीकाठ

लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी, लहान एच. मग मोकळी जागा. पुढे बरंच आहे.

कंपोझिटर_कोल्हापूर

ई म्हणजे म. जे म्हणजे र. के म्हणजे काना. मोठा बी म्हणजे ठ. एच म्हणजे दुसरी वेलांटी. ‘मराठी’. तुमच्या वडिलांच्या पुस्तकाचा पहिला शब्द ‘मराठी’ आहे, ताई.

फॉन्ट कुठला ते ओळखलं, रोजचा हातातला आहे. फाइल पाठवा, युनिकोडमध्ये बदलून देतो. पैसे नकोत. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ती पानं मी डोळ्यांनी तपासेन. पण व्याकरणाचं पुस्तक आहे, तेव्हा वहीची जी पानं सुटी निघतील त्यांचे फोटोही पाठवा. कुठे अडलं तर ताडून बघायला लागतील.